मी टाकलेली असल्याचा दाखला

मला नवऱ्याने टाकलं असल्याचा दाखला मी स्वतःच्या अक्षरात लिहिला. मजकूर सासऱ्यांनी सांगितला, सही मी केली, शिक्का ग्रामसेवकाने मारला. आणि ज्याने टाकलं असं त्यात म्हटलं होतं, तो माणूस त्या वेळी युगांडातल्या एका साखर कारखान्यात कामावर होता. दोनच दिवसांपूर्वी फोनवर मला विचारत होता, की आपल्या लग्नाची नोंदणी झाली का, कारण त्याला मला आणि मुलीला तिकडे बोलवायचं होतं. एवढं वाचून कोणाच्या काही लक्षात आलं नाही तर त्यात त्याचा दोष नाही. माझ्या लक्षात यायला वर्ष लागलं, आणि अजून सगळं कळलंय असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आमचं गाव केज तालुक्यात, नांदूरघाटच्या बाजूला. नवरा सहकारी साखर कारखान्यात पॅनमन होता. (समोर मी त्याला तुम्ही म्हणते, लिहिताना तो म्हणते. कागदावर तरी बरोबरी असू द्या.) कारखान्यात एका बाजूने ऊस जातो आणि दुसऱ्या बाजूने साखर निघते, एवढंच लोकांना ठाऊक असतं. मधे रस आटवून पाक होतो आणि त्या पाकात दाणा पाडावा लागतो. तो पाडणारा तो पॅनमन. दुमजली घराएवढं बंद भांडं, तोच पॅन, त्याला काचेची खिडकी. आतला थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, बोटाने चाचपायचा आणि ठरवायचं, वाफ वाढवायची की थांबायचं. चुकलं तर सगळा पॅन वाया. बारा वर्षं तो हे करत होता आणि गावात त्याच्याबद्दल 'कारखान्यावर जातंय' एवढंच म्हणत.

मग ओळीने दोन वर्षं पाऊस झाला नाही. ऊस नाही म्हणून गळीत नाही, गळीत नाही म्हणून पगार नाही. नवरा रोज सकाळी कारखान्यावर जाऊन सही करून परत यायचा आणि घरात दिसेल त्या वस्तूवर चिडायचा. त्याचे जुने चीफ केमिस्ट निवृत्त होऊन युगांडात गेले होते. त्यांनी बोलावलं. वर्क परमिटचा कागद आला, त्यात त्याच्या नावापुढे इंग्रजीत 'कुशल परदेशी कर्मचारी' असं लिहिलेलं होतं. मी वाचून अर्थ सांगितला. सासऱ्यांनी तो कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"हितं कामगार अन् तिथं कुशल? मंग इतकी वर्षं आमच्या ध्यानात कसं आलं न्हाई बे?" ते पोराला म्हणाले.

नवरा हसला. पुष्कळ दिवसांनी हसला होता, म्हणून लक्षात आहे. जाण्याआधी त्याने विवाह नोंदणीच्या अर्जावर सही करून अर्ज माझ्या हातात दिला. आमच्याकडे लग्नं हजार माणसांसमोर लागतात, पण नोंदवायला कोणी जात नाही. हजार माणसांनी पाहिलेली गोष्ट एका ग्रामसेवकाला कशाला सांगायची, असं सगळ्यांना वाटतं. "सा महिन्यांत बोलावतो, तवर एवढं करून ठिव," तो म्हणाला. मी अर्ज ट्रंकेत ठेवला. आज करते, उद्या करते म्हणत राहिले. हा माझा आळस, तो कोणाच्या माथी मारत नाही.

सहा महिन्यांचे चौदा झाले. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तिच्या लेखी बाबा म्हणजे फोन. तो चार्जिंगला लावलेला दिसला की ती आजीला हळू आवाजात सांगायची, "बाबा झोपलेत."

त्या वर्षी माघातच गावाची विहीर आटली आणि आमच्या दूध सोसायटीने तळ्याच्या पोटात चारा छावणी उघडली. तळं नावालाच, तिथे क्रिकेट खेळण्याइतकी कोरडी जमीन होती. छावणीचा नियम असा, की एका शेतकऱ्याची पाचच मोठी जनावरं घ्यायची. आमच्याकडे नऊ. सासरे सोसायटीचे संचालक, त्यामुळे नियम मोडला असता तर पहिली बोंब त्यांच्याच नावाने झाली असती.

मी छावणीवर डबा घेऊन गेले होते तेव्हा ते आणि छावणीचा कारकून हाच हिशेब करत बसले होते.

"पाच माझ्या नावावर बसली. चार ऱ्हातेत," सासरे म्हणाले.

"पोराच्या नावावर लावा की."

"त्यो हितं कुठंय हजेरीला? अन् परदेशात हाय म्हनलं की पलीकडच्या गटाचे लगीच अर्ज करतेत, ह्यांना छावणी कशापायी म्हनून."

कारकुनाने पेन कानावर ठेवलं. "मंग सूनबाईचं येगळं कुटुंब दाखवा. नवरा न्हाई म्हना."

"न्हाई म्हंजी? जिता हाय माझा पोरगा!"

"तसं न्हवं हो. टाकलेली म्हना. टाकलेल्या बाईच्या अर्जाला कुनी हात लावत न्हाई."

सासरे माझ्याकडे बघेनात. मी डबा खाली ठेवला. मला वाटलं ते कारकुनाला झापतील, कारण माणूस तसा तापट. पण ते म्हणाले, "चार दिसांचा कागद हाय. पाऊस पडला की फाडून टाकू."

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर सासरे दुष्ट वाटतील, आणि ते दुष्ट नव्हते. माझं माहेर घाटनांदूरकडे. वडिलांच्या विहिरीला त्या वर्षीही पाणी होतं आणि शेतात कडब्याची गंजी उभी होती. वडिलांनी दोनदा फोन करून सांगितलं होतं, की जनावरं इकडे पाठवा, पाऊस पडला की घेऊन जा. सरळ गोष्ट होती. पण सासऱ्यांच्या डोक्यात ती बसेना. सोयऱ्याच्या दावणीला आपली जनावरं बांधायची? लग्नात सोयऱ्याकडून टॉवेल-टोपी, भांडीकुंडी, मानपान सगळं घ्यायचं, नाही दिलं तर रुसायचं. पण अडचणीत त्याच्या दारात जायचं नाही, तिथे नाक कापलं जातं. हे नाक कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, ते मला आजतागायत उमगलं नाही. सूनबाई टाकलेली म्हणून सरकारी कागदावर चढली तर ते कापलं जात नव्हतं, आणि चार जनावरं व्याह्याच्या गोठ्यात गेली असती तर मुळापासून गेलं असतं.

तर सासऱ्यांचं अक्षर वाईट आणि माझं चांगलं, म्हणून मीच लिहिलं. 'मला माझ्या पतीने टाकले असून मी सासरच्या कुटुंबापासून विभक्त राहते. चार जनावरांखेरीज मला उपजीविकेचे साधन नाही.' लिहिताना हात कुठे अडखळला नाही. ग्रामसेवकाने खाली 'चौकशीअंती खरे आहे' असं लिहून शिक्का मारला. चौकशी म्हणजे त्याने मला चहा घेणार का विचारलं होतं.

जनावरं माझ्या नावावर, म्हणजे हजेरीही माझीच. मी मुलीला घेऊन छावणीत राहायला गेले. चार बांबू, वर साड्यांचं छत, एक खाट. सकाळी वाढे, म्हणजे उसाचे शेंडे यायचे, दुपारी पेंड, संध्याकाळी टँकर. शेजारच्या खाटेवर एक थोराड बाई होती, तिच्या दोन म्हशी. तिसऱ्या दिवशी तिने आपल्यातली अर्धी भाकरी माझ्या हातात दिली आणि पाठीवरून हात फिरवला.

"लई सोसलंस बाय. दिसत न्हाईस तशी."

मला हसू आलं. मी म्हटलं, "काकू, तसलं काय न्हाई. कागदापुरतं हाय. नवरा परदेशात नोकरीला हाय माझा."

"व्हय बाय," ती म्हणाली, "समद्या असंच म्हनतेत."

मी तिला फोनवरचे फोटो दाखवले. तिने निरखून पाहिले आणि म्हणाली, गडी दिसायला बरा होता. होता! मी ते सोडून दिलं. पण असं एकेक करून किती जणींना समजावणार? चैत्रात छावणीतल्या बायकांनी हळदीकुंकू केलं, कोणाची तरी कैरीची डाळ, कोणाचं पन्हं. एक नवी आलेली बाई ताट घेऊन ओळीने येत होती. माझ्यापाशी आली, थांबली, शेजारणीकडे पाहिलं आणि पुढे गेली. मी काही मेलेल्याची बायको नव्हते, जिवंत माणसाची होते. टाकलेल्या बाईला कुंकू लावायचं की नाही हे तिला बिचारीला ठाऊक नसणार. मी रागाने उठले आणि स्वतःच ताटातलं कुंकू घेऊन लावलं. सगळ्या आपापल्या पन्ह्याकडे बघू लागल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली.

त्याच आठवड्यात तिकडून कागदांची यादी आली. करार वाढला होता आणि आता कुटुंब नेता येणार होतं. त्याला डिपेंडंट पास म्हणतात. कमावणाऱ्याच्या आधारावर राहणाऱ्या बायको-मुलांना तिथे राहण्याचा परवाना. हा शब्द मला आधी झोंबला. सोळा महिने गोठा, ज्वारी, सोसायटीला दूध, सासूची दवाखान्याची वारी, सगळं मी ओढत होते, आणि मी म्हणे आधारावर राहणारी. पण ते जाऊ द्या. विवाह नोंदणीचा दाखला, मुलीचा जन्मदाखला आणि पोलिसांचा चौकशी अहवाल महिनाअखेरीपर्यंत पोचवायचे होते. नाही पोचले तर पुढच्या करारापर्यंत थांबा, म्हणजे आणखी दोन वर्षं. दोन वर्षांत मुलगी शाळेत गेली असती आणि फोनलाही ओळखेनाशी झाली असती.

मी ट्रंकेतला अर्ज काढला आणि ग्रामसेवकाकडे गेले. त्याने अर्ज वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत अर्ज वाचला.

"वैनी, दोन महिन्यांमागं मी तुमाला कसला दाखला दिला?"

"टाकल्याचा."

"अन् आज कसला मागता?"

"लग्नाचा."

"त्यात लिवलंय, चौकशीअंती खरं हाय. ह्यात लिवायचं, दोघं नवराबायको म्हनून नांदतेत. एकाच हातानं दोन्ही कसं लिवू? उद्या कुनी दोन्ही कागद शेजारी ठिवले तर मी घरी बसंन."

माणूस चुकीचं बोलत नव्हता, हाच घोळ होता. मी म्हटलं पहिला फाडा. तो म्हणाला त्याची प्रत छावणीच्या फायलीत, फायलीची प्रत तहसिलात. ज्यांनी लिहून दिलं त्यांनी सोसायटीच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगावं की खोटं होतं, त्याचा ठराव व्हावा, आणि तुमची चार जनावरं छावणीतून बाहेर काढावीत, मग मी पहिला दाखला रद्द करून दुसरा देतो.

परत छावणीत येते तर पोलीस शिपाई येऊन गेलेला. मी ठाण्यात अर्ज दिला होता, त्या चौकशी अहवालासाठी आला होता. गेटवर माझं नाव सांगून विचारलं, तर सगळ्यांनी मिळून माझं भलंच केलं होतं. शेजारची बाई तर पदराने डोळे पुसत म्हणाली होती, "लई गुणाची पोरगी हो सायेब. नवऱ्यानं टाकली, तरी कुनाला वाईट बोलत न्हाई." शिपायाने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मी मुलीला कडेवर घेऊन रस्त्याने त्याच्या मोटारसायकलमागे पळाले. तो चहाच्या टपरीवर सापडला.

"सायेब, मला टाकल्याली न्हाई."

तो डायरी उघडून बघत राहिला. "सतरा मानसं म्हनली टाकलीय."

"सतरांना काय म्हाईत? मला म्हाईत असंल का त्यांना?"

"बाई, चौकशी शेजाऱ्यांची करतेत. ज्याची करायची त्याची न्हाई करत."

तो भला होता, म्हणाला दहा-बारा दिवस अहवाल पाठवत नाही, तोवर कागद दुरुस्त करून आणा.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, छावणीच्या यादीचा फोटो कोणीतरी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. नावाच्या पुढे शेरा होता, परित्यक्ता. तो फोटो घाटनांदूरला पोचला आणि तसाच युगांडालाही. वडिलांचा फोन आला. "तुला टाकलं अन् आमाला सांगितलं न्हाई? मी मेलोय का?" मी सगळं सांगितलं. त्यांना एवढंच कळलं, की जनावरं आमच्याकडे पाठवायला कमीपणा वाटला म्हणून व्याह्याने लेकीला टाकलेली केलं. खरं तर त्यांना सगळंच कळलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी सासऱ्यांचा फोन घेतला नाही.

नवऱ्याचा फोन दुपारी आला. "हे काय बघतोय मी?"

"जनावरांसाठी," मी म्हटलं. "पाचाचा नियम हाय. कागदापुरतं."

"कुणी लिवलं?"

"मामांनी सांगितलं," मी म्हटलं. सासऱ्यांना मी मामा म्हणते. "लिवलं मी."

पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता. "बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर नऊ दिवस त्याचा फोन आला नाही. मी केला तर लागायचा नाही, किंवा लागायचा आणि कोणी घ्यायचं नाही. मला काही सुचेना. कागद खोटा हे मला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं, मग हे काय चाललं होतं? तिसऱ्या दिवशी मी चिडले. पाचव्या दिवशी त्याच्या कारखान्यात काही अपघात झाला असेल असं वाटून रडले. सातव्या दिवशी त्या शेजारच्या बाईचं म्हणणं मला पटायला लागलं. माझी कीव करून दिलेली भाकरी मी आता मुकाट्याने खात होते.

आठव्या दिवशी मी घरी गेले आणि सासऱ्यांना ग्रामसेवकाचं म्हणणं सांगितलं. बैठकीत उभं राहून खोटं होतं म्हणायचं, आणि जनावरं काढायची.

"मी संचालक हाय," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगू खोटं लिवून दिलं? अन् जनावरं काढून न्यायची कुठं?"

"माझ्या बापाकडं," मी म्हटलं.

"ते न्हाई व्हायचं."

"मंग मला लिवल्यापरमानं खरंच टाका, म्हंजी दोन्ही कागद जुळतेत."

सासऱ्यांसमोर असं मी कधी बोलले नव्हते. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. पण बोलल्या त्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते; तशा त्या कमी बोलायच्या, गुडघ्यांनी बेजार, दिवसभर भिंतीला टेकून तूर निवडायच्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"पोरगं तिकडं एकलं, पोरगी छावणीत एकली, लेकरू बापाला फोन समजतंय. अन् तुमची अब्रू तेवढी भरल्या घरात बसलीय."

सासरे पायात वहाणा घालून बाहेर निघून गेले.

बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी होती, सोसायटीच्या ओट्यावर. बायका तिथे जात नाहीत. मी गेले, दूध मोजायच्या खोलीच्या दारात उभी राहिले. टँकर, पेंड, कडबा असे विषय झाले. सासरे उठले, टोपी नीट केली, परत बसले. मग ते बसल्या जागेवरूनच बोलले, आवाज इतका खाली, की अध्यक्षांना दोनदा 'काय?' म्हणावं लागलं.

"माझ्या सुनंला पोरानं टाकल्याली न्हाई. चार जनावरं बसवायची हुती म्हनून मी तसं लिवून घेतलं. ती आमची हाय. आमच्यात नांदती. ठरावात घ्या."

कोणीतरी फिसकन हसलं. विरोधी गटातल्या एकाने विचारलं, म्हणजे दोन महिने छावणीचा चारा खोट्यावर खाल्ला का? सासरे म्हणाले, "व्हय, खाल्ला." आणि संचालकपदाचा राजीनामा लिहून आणलेला खिशातून काढला. तो त्यांच्याच अक्षरात होता, म्हणजे कोणाला वाचता येईना. अध्यक्षांनी मला दारातून आत बोलावून वाचायला लावला. सासऱ्यांचा राजीनामा मी मोठ्याने वाचून दाखवला, आणि वाचताना मला रडू फुटलं, ते का हे मला सांगता येणार नाही. कारण मला हवं तेच झालं होतं.

दुपारी टेम्पोत चार जनावरं चढवली. सासरे ड्रायव्हरशेजारी, मी आणि मुलगी मागे गाईंच्या पायांत. वडील घराच्या ओट्यावर बसले होते. टेम्पो थांबला, त्यांनी पाहिलं आणि उठले नाहीत. सासरे उतरले. उन्हात उभे राहिले. लग्नात आमच्या वडिलांनी यांच्यासमोर हात जोडले होते, मुलीच्या बापाने जोडायचे असतात म्हणून. सासऱ्यांना हात जोडायची सवयच नव्हती, ते नुसते गाईचा कासरा हातात धरून उभे.

"व्याही," ते म्हणाले, "पाऊस पडंस्तवर ठिवायची हायती."

"मी दोनदा फोन केलता," वडील म्हणाले.

"केलता."

"तवाच आनली असती तर?"

"चुकलं," सासरे म्हणाले.

वडील ओट्यावरून खाली आले आणि कासरा हातात घेतला. आई आतून पाणी घेऊन आली. मला वाटलं होतं मोठं काहीतरी होईल, भांडण किंवा गळाभेट. काहीच झालं नाही. दोघं गोठ्यात जाऊन कोणती गाय मारकी आहे यावर बोलत उभे राहिले.

त्यानंतर कागद भराभर झाले, आणि दहाव्या दिवशी नवऱ्याचाही फोन आला, फक्त कागदांपुरता. ठरावाची प्रत, दाखला रद्द, नवा दाखला. शिपायाने अहवाल नव्याने लिहिला. तो परत छावणीत चौकशीला गेला, तर शेजारची बाई म्हणे म्हणाली, "घेतली व्हय पुन्यांदा? बरं झालं बाय." महिना संपायला दोन दिवस असताना सगळं पोचलं. पास फोनवरच आला, एक साधं पान. त्यात माझं नाव, मुलीचं नाव, नवऱ्याचं नाव. नवऱ्याने ते पाठवताना खाली फक्त तिकिटाची तारीख लिहिली होती. त्या नऊ दिवसांबद्दल एक अक्षर नाही. मी विचारलंही नाही. विचारलं आणि उत्तर मिळालं तर काय करायचं, ते मला ठरवता येत नव्हतं.

मुंबईच्या विमानतळावर सासरे काचेच्या बाहेर उभे होते. विमानात बसल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. मी त्याची वाट पाहत राहिले. मुलीने विचारलं, बाबा फोनमधून कधी निघणार? मी म्हटलं आता निघतील.

तिकडच्या विमानतळाच्या दारात तो उभा होता, वाळलेला, काळवंडलेला, हातात मुलीसाठी केळी. मुलगी त्याच्याकडे जाईना, माझ्या साडीत तोंड लपवून बसली. त्याने ओढाताण केली नाही. कारखान्याची गाडी आली होती. दुतर्फा ऊसच ऊस, हिरवागार, डोकी वर काढलेला. इतका ऊस पाहून कित्येक वर्षांनी माझा श्वास मोकळा झाला, आणि लगेच आमच्या तळ्याची कोरडी जमीन डोळ्यांपुढे आली. मुलगी माझ्या मांडीवर झोपली. ड्रायव्हरला मराठी येत नव्हती.

तेव्हा त्याने विचारलं. बाहेर उसाकडे बघत विचारलं.

"ते लिवताना तुला काय वाटलं?"

मला 'कागदापुरतं' म्हणता आलं असतं. तोपर्यंत पन्नास जणांना मी तेच सांगितलं होतं, ग्रामसेवकाला, शिपायाला, वडिलांना, त्यालाही. पण एवढे कागद खरे करून आल्यावर आणखी एक खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता.

"खरं सांगू? लिवताना मला ते खोटं वाटलं न्हाई," मी म्हटलं. "सा महिने म्हनून गेलता. चौदा झालते. हात कुठंच थांबला न्हाई माझा. म्हनून मला माझीच भीती वाटली."

गाडी एका खड्ड्यातून गेली, मुलगी चुळबुळली, त्याने तिच्या डोक्याखाली हात दिला आणि तो तिथेच ठेवला.

"मला बी वाचून खोटं वाटलं न्हाई," तो म्हणाला. "म्हनून नऊ दिस फोन उचलला न्हाई."